मंजिराचा मागचा भाग

१७ फेब्रुवारी २००२, रविवार. पाणी सकाळी उशिरा आलं. अनिरुद्ध सुट्टी असून ऑफिसला गेला; अमेरिकेतलं काहीतरी अडलं आहे. दुपारी जहाजाचा पुढचा आणि मागचा भाग जुळवून पाहिला. जुळत नाहीत. मेथी निवडून ठेवली.

एवढं लिहून ललिताबाई कर्णिकांनी पेनाला टोपण लावलं. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावलेली रोज लिहिण्याची सवय सत्तरी उलटली तरी सुटली नव्हती. कात्रीवर हात बसला तोही तिथेच, नाताळच्या गव्हाणीसाठी पुठ्ठ्याचे उंट आणि मेंढ्या कापताना. पुढे संसारात ती कात्री ब्लाउजच्या कापडापुरती उरली.

यजमान गेल्यानंतरच्या वर्षी मुलगा अनिरुद्ध कंपनीच्या कामासाठी जर्मनीला गेला आणि येताना आईसाठी एक छापील विमान घेऊन आला. पुठ्ठ्यावर छापलेले भाग कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे. तिचं मन रमावं एवढाच त्याचा हेतू होता. ते इतकं रमलं, की कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमधल्या शोकेसमधून कपबश्या माळ्यावर गेल्या आणि विमानं व जहाजं खाली आली. आतल्या सांगाड्यासाठी पुठ्ठा विकत आणावा लागत नसे. गणपती छापलेली लग्नपत्रिका केरात टाकवत नाही, म्हणून इमारतीतले लोक जुन्या पत्रिका त्यांच्याकडे आणून देत. ललिताबाई गणपती कापून वेगळा ठेवत. कोपऱ्यावरचा हळदीकुंकवाचा टिपका जहाजाच्या पोटात आतल्या बाजूला जाई.

‘मंजिरा’ मात्र छापील नव्हती. थोरले दीर तात्याराव तिच्यावर इंजिनियर होते. मालवाहू जहाज, केव्हाच भंगारात निघालेलं. तात्यारावांची दृष्टी काचबिंदूने गेली होती. उजेड-अंधार कळे, बाकी काही नाही. लग्न होऊन घरात आल्यापासून ललिताबाईंनी त्यांच्या तोंडून कशाचंही कौतुक ऐकलं नव्हतं. दिवाळीत त्या भेटायला गेल्या तेव्हा तात्यारावांनी ट्रंकेतून जहाजाचा जुना नकाशा काढायला लावला.

“तुझ्या त्या कागदी होड्यांत आमची बसते का बघ,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “मला एकदा तिच्यावरून हात फिरवायचाय.”

या दुसऱ्या वाक्यात टोमणा नव्हता, म्हणून ते ललिताबाईंच्या लक्षात राहिलं. फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला तात्यारावांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्या दिवशी आणते, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

हे जहाज हातांनी बघितलं जाणार, हे धरूनच त्यांनी काम केलं. बाहेरचे पत्रे नुसते रंगवले नाहीत. पत्रिकांच्या पट्ट्या कापून एकीवर एक चढवल्या. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांसाठी शिवणाच्या डब्यातलं कापडावर खुणा करायचं दातेरी चाक पुठ्ठ्याच्या मागून फिरवलं, की पुढच्या बाजूला बारीक दाण्यांची सरळ ओळ उठे.

चूक झाली होती ती झेरॉक्सच्या दुकानात. नकाशा मोठा, दोन तावांचा. दोन्ही लहान करून घ्यायचे होते. पुढच्या भागाचा ताव झाला आणि दुकानदाराने शटरला हात घातला.

“एक वाजला.”

“अहो, एकच कागद राहिलाय.”

“चार वाजतासुद्धा एकच असेल.”

ललिताबाईंनी दुसरा ताव कॉलेजजवळच्या दुकानातून करून घेतला. टक्के तेच सांगितले होते, पण त्या यंत्राचे टक्के त्याचे स्वतःचे होते. दोन्ही भाग तयार होऊन एकमेकांना टेकले तेव्हा मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी पायरी निघाली.

“आई, पुट्टी भर आणि पेंट मार ना,” अनिरुद्ध सोमवारी म्हणाला. “फिनिशिंग केलंस की कोणाला कळणारे?”

तसं करून पाहिलं. लांबी भरली, घासली, करडा रंग दिला. पायरी दिसेनाशी झाली. अनिरुद्धने बॅटरी मारून पाहिलं आणि “पर्फेक्ट!” म्हणाला. तो आंघोळीला गेल्यावर ललिताबाईंनी डोळे मिटले आणि टोकापासून अंगठा फिरवत नेला. रिव्हेट, रिव्हेट, रिव्हेट, मग एकदम गुळगुळीत उतार, आणि पुन्हा रिव्हेट. डोळ्यांना कळत नव्हतं ते अंगठ्याला लगेच कळलं.

त्यांनी मागचा भाग सुरीने कापून वेगळा केला. चारनंतर पहिल्या दुकानात जाऊन नकाशा पुन्हा लहान करून आणला. रविवारपर्यंत काही ते होणार नव्हतं.

स्वारगेटजवळच्या कार्यालयात त्या रिकाम्या हाताने गेल्या. म्हणजे शाल होती, पण शाल कोणी मोजत नव्हतं. जाऊबाई यमुनाबाईंनी दारातच विचारलं, “काय गं, जहाज कुठाय?”

“व्हायचंय, वहिनी.”

“कात्रजच्या घाटात अडकलं असेल!” पंगतीतून एक पुतण्या ओरडला आणि सगळे हसले. ललिताबाईही थोड्या हसल्या. तात्याराव हसले नाहीत आणि त्यांनी विचारलंही नाही. नमस्कार केला तेव्हा डोक्यावर हात ठेवून ते नुसतं “हं” म्हणाले. एक्याऐंशीव्या वर्षी माणसाला पुढचा वायदा देणं बरं नव्हे, हे ललिताबाईंना कळत होतं. घरी येऊन त्या पुन्हा कापायला बसल्या.

मार्चच्या चौथ्या शनिवारी मिठाईच्या मोठ्या खोक्यात जहाज ठेवून त्यांनी रिक्षा केली.

“केक का, आजी?”

“जहाज आहे.”

“मग स्पीडब्रेकरला लाटा लागतील,” रिक्षावाला म्हणाला. पण चालवली सावकाश.

तात्यारावांनी आधी हात धुतले, पंच्याला कोरडे पुसले. मग अंगठा टोकावर ठेवला आणि मागे नेऊ लागले. मधोमध आला तेव्हा ललिताबाईंचं लक्ष फक्त त्या अंगठ्यावर होतं. तो न थांबता पुढे गेला. मागच्या भागावरच्या खोल्यांपाशी मात्र रेंगाळला, गोल खिडक्या चाचपत एकीवर थांबला.

“ही माझी,” तात्याराव म्हणाले. “आत जाम उकडायचं.”

बराच वेळ अंगठा तिथेच होता.

“त्या दिवशी का नाही आणलीस?”

ललिताबाईंनी झेरॉक्सचं सगळं सांगितलं; दोन दुकानं, पायरी, लांबी.

“म्हणजे आमचं जहाज एक वाजता बुडालं,” तात्याराव म्हणाले. “समुद्रात कधी बुडालं नाही ते.” आणि खांदे हलेपर्यंत हसले.

यमुनाबाई चहा घेऊन आल्या. “छान झालंय गं. शोकेसमध्ये वरच्या फळीवर ठेवू, धूळ नको बसायला.”

“धूळ बसू दे,” तात्याराव म्हणाले. “इथं ठेव, माझ्या हाताशी.”

खाटेजवळच्या स्टुलावरचा रेडिओ उचलून यमुनाबाईंनी खाली ठेवला आणि तिथे मंजिरा ठेवली.

२३ मार्च २००२, शनिवार. भाऊजींकडे जहाज पोचवलं. पसंत पडलं असावं. येताना बसने आले, उभं राहावं लागलं. रात्री भात टाकला आणि गॅस संपला. दुसरा सिलिंडर लावला.