मिंचो मिस्त्री आणि माझ्या गाडीची टकटक

लिहिण्याची मला सवय नाही, आणि जमेल असेही वाटत नाही. पण मिंचो मिस्त्रीबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही.

आमच्या त्रोयान गावात गाडी बिघडली की मिंचोकडे न्यायची आणि आधी आपणच वाजायचे. तीस वर्षे ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात काढलेला हा माणूस, मालकाने तोंडाने आवाज काढून दाखवल्याशिवाय बॉनेट उघडत नाही. आमच्या पाद्रीबुवांनी त्यांच्या गाडीची कुरकुर अगदी प्रार्थनेच्या चालीत म्हणून दाखवली होती. मला तर दुकानात पाव मागतानाही घाम फुटतो.

त्या दिवशी शेजारचा पेन्योही आला. माझ्या गाडीचे बेअरिंग गेले, इंजिन संपले, असा निकाल त्याने आधीच दिला होता. उरलेल्या सांगाड्यात त्याला कोंबड्या ठेवायच्या होत्या. माझी बायको स्तानकाही म्हणाली होती, "इंजिन गेलं असेल तर देऊन टाका त्याला."

"हं, अतानासभाऊ, म्हणा," मिंचो म्हणाला.

"टक... टक," मी पुटपुटलो.

"गाडी आहे की घड्याळ? जरा पोटातून येऊ द्या."

मी डोळे मिटून चांगली आठ-दहा वेळा टकटक केली.

"बघ, बेअरिंगच," पेन्यो म्हणाला.

"तू गप रे, कोंबडीवाल्या. भाऊ, घाट चढताना कसं वाजतं?"

"चढताना नाही वाजत. सकाळी वाजतं, गाडी तापली की थांबतं."

"मग बेअरिंग कसलं? ते चढावर बोंबललं असतं. गाडी ठेवून जा."

दुसऱ्या सकाळी मी आणि पेन्यो पुन्हा हजर झालो. गार इंजिन सुरू करून मिंचोने लाकडी दांडक्याचे एक टोक कानाला लावले आणि दुसरे इंजिनावर ठिकठिकाणी टेकवले. एका जागी थांबला. धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या इंजिनाला जोडतात तिथले पॅकिंग जळाले होते. फटीभोवती काजळी धरली होती. गार असताना त्या फटीतून धूर टकटकत सुटायचा; लोखंड तापून फुगले की फट बुजायची.

दुपारपर्यंत नवे पॅकिंग बसले. पेन्यो खुराड्याचे माप घ्यायला आणलेली मोजपट्टी गुंडाळू लागला.

"लावा चावी," मिंचो म्हणाला.

लावली. टकटक नाही. गाडी सुरूच झाली नाही असे वाटून मी चावी पुन्हा फिरवली. चालू इंजिनावर स्टार्टर असा किंचाळला की पेन्योने कान झाकले.

मिंचोने शांतपणे हात पुसले. "गाडी बरी झाली, भाऊ. मालकाला अजून दोन दिवस लागतील."