विनोदिनीआत्याची साधी सर्दी

आत्या व्हायला लग्न लागत नाही, भाऊ लागतो. आणि तो भाऊ आपल्याच आईच्या पोटचा असला पाहिजे असंही काही नाही, हे रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यात विनोदिनीने सिद्ध करून दाखवलं होतं.

त्याचं असं झालं, की तिथल्या तळ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत मराठी घरं मोजकी. त्यांच्या लेकी दिलेल्या नागपूर, अमरावती, कुणी थेट पुण्याला. इकडे भावाच्या घरी पाळणा हलला की तिकडून फोन यायचा, "दादा, रिझर्वेशन नाही मिळून राहिलं रे!" आता बारसं म्हटलं की बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या पाहिजेच. मग घरातलं कुणीतरी म्हणायचं, "विनोदिनीले सांगा ना. ती काय, तयारच असते."

ती तयारच असायची. सरकारी ऑफिसात टायपिस्ट. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, भोपाळहून फायलींचे ट्रक आले, आणि पुढे सगळी ऑफिसं उचलून दूर नव्या रायपुरात नेली, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत ती स्टाफच्या बसने जात-येत राहिली. बसमध्ये बायका स्वेटर विणायच्या, ही नावं जुळवायची. तिचा नियम एकच. नाव असं पाहिजे, की गच्चीवरून हाक मारली तर खाली गल्लीत पूर्ण पोहोचलं पाहिजे. "ते तुमचं चार जोडाक्षरांचं नाव जिन्यातच अडकते," ती आईबापांना ऐकवायची. तिने कानात अस्सल मराठी नावं सांगितलेली पोट्टी मोठी होऊन तिच्याशी हिंदीत बोलत, आणि तिला 'आत्या दीदी' म्हणत. एका हाकेत दोन नाती मिळतात, तक्रार कशाला करायची, असं तिचं म्हणणं.

सख्खा भाऊ एकच, अच्युत. तिच्याहून धाकटा, रेल्वेतून निवृत्त झालेला, तळ्याच्या पलीकडच्या गल्लीत राहणारा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, तो अॅम्ब्युलन्समधून गेला तो परत आला नाही. विनोदिनी धावत रस्त्यावर आली तेव्हा दार लागलेलं होतं. तिने काचेतून आत बघायचा प्रयत्न केला, पण ऊन असं होतं की काचेत तिला स्वतःचंच तोंड दिसलं. भावाचं शेवटचं दर्शन म्हणतात ते हे.

त्यानंतर ती मास्कच्या बाबतीत फौजदार झाली. दूधवाल्याला फाटकाबाहेरून दूध ओतायला लावायची. भाजीवाली नाकाखाली मास्क ओढून बोलली तर म्हणायची, "भाव मास्कमधून सांग, मले ऐकू येते. महाग असला तरी येते."

जून महिन्यात अच्युतचा मुलगा भार्गव याला मुलगी झाली. भार्गवला बहीण नव्हती, तेव्हा आत्याचा मान विनोदिनीचाच. पण बाराव्या दिवशी बारसं कुठलं करणार! घरात बाप जाऊन दोन महिने झालेले, बाहेर रोग. पोरीला सगळे 'बाळ' म्हणू लागले. अच्युतची बायको विजया मात्र रोज नातीला मांडीवर घेऊन सांगायची, "तुझं नाव आत्या ठेवणार आहे हो. तुझ्या आजोबाची बहीण." गणपती विसर्जन झाल्यावर सप्टेंबरमध्ये तिने दिवस ठरवला. पाचसात बायका, बस.

आदल्या दिवशी विनोदिनीचं नाक गळायला लागलं. तिने विजयाला फोन केला.

"विजया, मले जरा सर्दी झाल्यासारखी वाटून राहिली. येऊ की नको?"

"ताप आहे का ताई?"

"नाही."

"वास येते?"

"शेजारी शुक्लांच्या घरी फोडणीत हिंग टाकला, तो इथं येऊन राहिला. कमी टाकला आहे, हेही कळून राहिलं."

मागून भार्गवचा आवाज आला, "आत्या, टेस्ट कर लो ना. निगेटिव्ह आया तो नॉर्मल सर्दी है. नॉर्मल सर्दी से क्या होता है!"

त्या वर्षी अख्खं शहर असंच बोलत होतं. रोग म्हणजे कोरोना. बाकीच्या रोगांना जणू सरकारने सुट्टी दिली होती. विनोदिनीने मेडिकलमधून किट आणलं, नाकात काडी फिरवली, आणि एकच रेघ आली तेव्हा देवापुढे साखर ठेवली. बारशाला जाताना ती पट्टी तिने रुमालात गुंडाळून पर्समध्ये घेतली आणि दारात विजयाला रेल्वेच्या तिकिटासारखी काढून दाखवली. विजयाने ती पाहून आत सोडलं. दोघी हसल्या. त्या घरात एप्रिलनंतर कुणी हसलं असेल तर ते तेव्हा.

पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," म्हणत बायकांनी पोरीला पाळण्याखालून आणि वरून एकमेकींच्या हातात दिलं. मग विनोदिनी वाकली. मास्कमधून सांगितलेलं नाव बाळाला कसं लागेल, म्हणून तिने तो हनुवटीवर ओढला. पोरीच्या कानाला ओठ लावले. "कुर्रर्र..." म्हणताच रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. दीड वर्षात कुणाला कुणाच्या पाठीत धपाटा घालायला मिळाला नव्हता. सगळा अनुशेष तिथे भरून निघाला. त्या माराने विनोदिनीला खोकला आला. तिथेच, पोरीच्या गालाशी. दोनदा.

"हळू गं! नाव सांगू द्या तिले!" विजया हसत म्हणाली.

"मंजिरी," विनोदिनी खोकल्यातून म्हणाली.

तीनचार दिवसांनी मंजिरीचं नाक चोंदलं. विनोदिनीनेच फोनवरून उपाय सांगितला, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेक. विजयाने शेकली. पण पोरगी दूध ओढेना. दोन घोट घेई, तोंड सोडून देई, आणि पोट भात्यासारखं वरखाली करी. स्नेहल, भार्गवची बायको, बिलासपूरकडची, मुळात कमी बोलणारी. ती पोरीचं झबलं वर करून बघत बसली आणि एकदम म्हणाली, "आई, ही बरगड्यांनी श्वास घेते आहे."

लहान मुलांच्या दवाखान्यात विनोदिनी मागून पोहोचली तेव्हा कोरोनाचा रिपोर्ट आला होता. निगेटिव्ह. विजयाने हात जोडले. डॉक्टर बाई थकलेल्या होत्या. "अम्मा, अभी खुश मत होइए," त्या म्हणाल्या. "यह दूसरा वायरस है. बड़ों को मामूली सर्दी देता है, इतने छोटे बच्चों की साँस पकड़ लेता है. हर साल ठंड में आता था. डेढ़ साल सब घर में बंद थे, तो यह भी बंद था. अब बेमौसम निकला है. वॉर्ड देख लीजिए."

वॉर्ड भरलेला होता. सगळी पोरं तळहाताएवढी, सगळ्यांच्या नाकात नळ्या.

"घर में किसी को सर्दी-खाँसी थी?"

"नाही, नाही," विजया घाईने म्हणाली. "किसीको कुछ नहीं. सब निगेटिव्ह."

विनोदिनीने भार्गवकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. गप्प राहिली असती तर चाललं असतं. विजयाने तिच्यासाठी दार उघडंच ठेवलं होतं. पण ह्या डॉक्टर बाईला काही कळल्याने औषध बदलणार असेल तर? पोरीचा श्वास त्यावर अडला असेल तर?

"मले होती," ती म्हणाली. "मुझे थी. मैंने इसके कान में बात की. खाँसी भी आई."

स्नेहलने मान वर केली. एकदाच पाहिलं, आणि पुन्हा पोरीकडे वळली.

"ठीक है," डॉक्टर बाई म्हणाल्या. "इससे इलाज नहीं बदलता. इसकी कोई खास दवा नहीं है. ऑक्सिजन देंगे, नली से दूध देंगे, और देखेंगे." त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

म्हणजे सांगून पोरीचं काहीच भलं झालं नाही. जे झालं ते विनोदिनीचं झालं.

आठवडाभर ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होती. आत जा असं कुणी म्हटलं नाही, घरी जा असंही कुणी म्हटलं नाही. दाराला काच होती. एकदा नर्स दाराशीच एका आईला दाखवत होती, बाळ शांत असताना कपडा वर करायचा आणि बरगड्यांखाली बघायचं. श्वासागणिक खड्डा पडत असेल तर वाट बघायची नाही, निघायचं. विनोदिनीने ते काचेबाहेरून पाहून-ऐकून घेतलं. बाजूची खाट एका सकाळी रिकामी दिसली. ते पोर घरी गेलं की काय झालं, हे तिने विचारलं नाही.

मंजिरी घरी आली. बारीक, डोळे मोठे झालेली. विनोदिनी डब्यात स्नेहलसाठी डिंकाचे लाडू घेऊन गेली आणि पायरीवर ठेवून परत फिरली. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. डबा दुसऱ्या दिवशी भार्गवच्या हाती आला, घासूनपुसून लख्ख. रिकामा. विनोदिनीने तो पुन्हा भरून पाठवला. तो पुन्हा तसाच आला. मोहल्ल्यात दुसरं एक बारसं निघालं, त्यांनी बोलावलं, तर ही म्हणाली, "माझे गुडघे दुखून राहिले हो. वाकता येत नाही." गुडघे ठणठणीत होते.

डिसेंबरात, एका दुपारी, तिचा फोन वाजला.

"आत्या, मी स्नेहल. सासूबाई देवळात गेल्या आहेत, हे फोन उचलत नाहीत. तुम्ही येता का?"

विनोदिनी तळ्याकाठून जवळजवळ धावतच गेली. सर्दी नव्हती, काही नव्हतं, तरी दोन मास्क लावून उंबऱ्याबाहेर थांबली. स्नेहल पोरीला घेऊन दाराशी आली आणि पोरीचा स्वेटर वर केला.

"खड्डा पडतो का? मला कळत नाही. बघून बघून मला सगळीकडे खड्डेच दिसतात."

"हलवू नको. शांत होऊ दे."

दोघी बघत राहिल्या. पोरीने हुंदका गिळला, मग श्वास घेतला. बरगड्यांच्या खाली कातडी आत गेली. पुन्हा गेली.

"पडून राहिला," विनोदिनी म्हणाली. "थोडा आहे, पण आहे. ऑटो बोलवू?"

स्नेहलला चप्पल सापडेना, फाइल सापडेना, किल्ली हातातून पडली. घरात तिसरं कुणी नव्हतं. ती क्षणभर थांबली, आणि तिने पोरगी विनोदिनीच्या हातात दिली.

ऑटो सदर बाजारातून जात होता. मंजिरी मांडीवर घरघरत होती. विनोदिनी मान बाहेर वळवून, उघड्या बाजूकडे तोंड करून बसली होती; रस्ताभर तिने पोरीकडे एकदाही तोंड केलं नाही. हात मात्र तिच्या छातीवर ठेवलेला होता, आणि प्रत्येक श्वासाला ती स्नेहलला सांगत होती, "घेतला. घेतला."