मामांच्या पत्रावळीवरचा भात

भाताची पारख माझ्या मामांइतकी अख्ख्या महाड तालुक्यात कुणाला नव्हती, आणि पुढे भाताशी त्यांच्याइतकं उघड वैरही कुणी धरलं नाही. वरंधच्या अंगाला त्यांची शेती. उंबऱ्यातून आत येता येताच चुलीवरचा तांदूळ कोळंबा आहे की पटणी, जुना आहे की नवा, हे ते वासावरून सांगत. पंगतीत बसले की वाढपी त्यांच्यापुढे टोपच ठेवून पुढे सरके. असा हा माणूस वर्षभरात इतका वाळला, की बंडी अंगावर दोरीवर टाकल्यासारखी लोंबायला लागली. रात्री उठून कळशी रिकामी करायचे. मामी म्हणायची, कुणीतरी काहीतरी केलंय. मी महाडला शाळामास्तर. शिकलेला भाचा म्हणून मीच त्यांना बोटीने मुंबईला नेलं.

डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. भात बंद, भाकरी बंद, गूळ, आंबा, फणस सगळं बंद. पालेभाजी, ताक, अंडी, मासळी खा. रोज टोचून घ्यायचं नवं औषध निघालं होतं म्हणे, पण ते आमच्या डोंगरात आणणार कोण आणि टोचणार कोण? मामांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे खायाचा, पण जेवायचा नाय." त्यात विनोद नव्हता. आमच्याकडे जेवण म्हणजे भात. बाकीचं त्याच्या सोबतीला.

पण पठ्ठ्याने भात सोडला. टाकळ्याची आणि भारंगीची पालेभाजी अशी रिचवू लागले, की गोठ्यातली गुरं आपल्याकडे संशयाने बघतात अशी मामीची तक्रार असे. लावणी झालेल्या खाचराच्या बांधावर उभे राहून ते रोपांना शिव्या घालत. घरात भात शिजायला लागला की चुलीकडे पाठ करून ओटीवर बसत. नाक मात्र ऐकत नसे. "उतर गो, खाली लागतोय," असं तिथूनच सांगत, आणि तो खरंच लागत असे. सगळ्यात मोठी तऱ्हा मुंग्यांची. लघवीत साखर असली की मुंग्या येतात, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. परसात एक दगड ठरलेला. सकाळी तिथे जाऊन यायचं आणि मग उकिडवं बसून वाट बघायची. मुंग्या आल्या नाहीत तर दिवसभर स्वारी खुशीत. "आज कोन फिरकला नाय रे माझ्याकडं," असं परीक्षा पास झालेल्या पोरासारखं सांगत.

दुखणं मामा, मामी आणि मी, तिघांनाच ठाऊक. माझी धाकटी बहीण तानी लग्नाची होती. वडील गेलेले, मामाच कर्ते. "पोरीच्या मामाला रोग हाय कळला तर कोन करील तिला? ती नांदाया लागू दे, मंग पीट दवंडी," असं त्यांनी मला बजावलं होतं.

पोलादपूरकडे तिची सोयरीक जमली. आमच्यात लग्न मुलाच्या दारी, आणि तिथे मुलीच्या मामाने व्याह्यांचा भात पोटभर खायचा अशी रीत. त्याने भात टाकला, तर सोयरीकच टाकली असं धरतात. त्यावर मामांनीच तोड काढली. त्यांनी एक घास खायचा, बाकीचा भात शेजारी बसून मी माझ्या पत्रावळीवर ओढायचा. घरी मामी वाढायला आणि आम्ही चोरायला, अशा तालमीही झाल्या. तिन्ही वेळा मामीने मला पकडलं.

लग्नाच्या पंगतीत पहिली वाढ मी ओढून घेतली. कुणाला कळलं नाही. मग व्याही स्वतः टोप घेऊन आले आणि मामांसमोरून हलेचनात. मामांचा हात पत्रावळीवर आडवा.

"काय पाव्हणं, आमचा भात चालत नाय काय तुम्हाला?"

पंगत थांबली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. दारापाशी मुंडावळ्या बांधलेली तानीही माझ्याकडेच बघत होती. वाटेत येताना मामांचं पोट बिघडलं, पित्त झालं, अमुक देवाला नवस आहे, काहीही मला सांगता आलं असतं. शिकलेल्या माणसाचा शब्द मानायची तेव्हा पद्धत होती. पण चोरीचा भात माझ्या पत्रावळीवर ढिगाने पडलेला, सगळ्यांच्या नजरा तिकडे वळतील आणि हसं होईल, एवढंच माझ्या डोक्यात. मी मोठ्याने म्हणालो, "वाढा हो. मामा लाजतात."

मामांनी हात काढला. मग ते जुन्या मामांसारखे जेवले. व्याही वाढत राहिले, पंगत वाहवा करत राहिली. मी सगळ्यांबरोबर हसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर ते प्रत्येक वहाळाला उतरून पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातून हाक आली. दगड काळा झाला होता. "बघ, व्याही आलं," असं म्हणून मामा हसले, आणि मग तिकडेच बघत म्हणाले, "तानीला सांगू नको हां." त्या दिवसापासून त्यांनी भात सोडायचा सोडला. एकदा नेम मोडला, आता कशाला, म्हणत. पावसाळ्यात पायात काटा मोडला, ती जखम भरलीच नाही. नवा भात घरात यायच्या आत ते गेले.

तानीचं छान चाललंय. आता तिचीही पोरं मोठी झाली. मी गेलो की ती शेजारपाजारच्या बायकांना हटकून सांगते, "माझ्या मामानं माझ्या लग्नात टोप रिकामा केलान. सासरची मानसं अजून नाव काढतात. व्हय की नाय रे दादा?"

मी व्हय म्हणतो. मग ती मला भात वाढते.