घोड्याचे मागचे पाय

ओसाकातल्या दोतोनबोरीच्या नाटकगल्लीत ओतोसेचं लोणच्याचं दुकान होतं. नवरा गेल्यावर बाईनं दोन नाद लावून घेतले: नाटकं बघायची आणि घरी येऊन नटांची चित्रं काढायची. त्या गल्लीत हौशी लोकही चित्रं काढून लाकडी ठशांवर छापवून घेत. पण सगळी नायकांचीच.

ओतोसेचा जीव मात्र तोमेझोवर. त्याचं तोंड प्रेक्षकांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण दोन माणसं आत शिरून नाटकातला घोडा करत, त्यात तो मागचे पाय व्हायचा. एकदा नाटकवाल्यांना मुळ्याचं लोणचं द्यायला ती मागच्या दाराशी गेली, तर हा पठ्ठ्या घोड्याचं कातडं कमरेपर्यंत उतरवून, घामानं निथळत, आत वाजणाऱ्या शामिसेनच्या, म्हणजे तिथल्या तीनतारी वाद्याच्या, सुरांवर टाचेनं ठेका धरून बसलेला! घरी येऊन तिनं त्याला तस्साच कागदावर उतरवला.

शेजारचा ठसे कोरणारा यासोबेई चित्र बघून हसत सुटला. "वहिनी, घोड्याचं ढुंगण विकत घेणार कोण?"

"मी घेईन. तुम्ही कोरा तर खरं!"

"आणि नायक रुसला म्हणजे?"

"रुसू दे. त्याला पाठीवर कोण वाहतं, ते कळू दे की गावाला!"

खाली तोमेझोचं नाव घालून छापलेली चित्रं दुकानाबाहेर टांगली, तशी ही गर्दी लोटली! "हा तोमेझो कोण बुवा?" "अहो, घोडा!" हसता हसता लोकांनी सगळी नेली.

दुसऱ्या दिवशी नायक ऐटीत घोड्यावरून रंगमंचावर आला. तेवढ्यात कुणीतरी आरोळी ठोकली, "तोमेझो!" मग सगळं नाटकघरच दणाणलं, "तोमेझो! तोमेझो!" घोडा थबकला. पुढचे पाय जागच्या जागी, मागचे मात्र नाचायला लागले! शामिसेनवाल्यांनी लय दुप्पट केली. आयाळीला लोंबकळत नायक ओरडला, "अरे थांब, गाढवा!" आणि हशानं छप्पर उडायचं बाकी राहिलं. ओतोसे तर उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडत होती.

नायक भडकला खरा. पण नाटकघराच्या मालकानं लोकांची पसंती पाहून तो नाच नाटकात कायमचा घातला. मग एका सकाळी तोमेझो दुकानात येऊन वाकला.

"ताई, मी नट आहे म्हटलं की आईला थाप वाटायची. आता तुमचं चित्र देव्हाऱ्याशेजारी लावलंय तिनं."

 ओतोसेनं बरणीतून मूठभर लोणच्याचे मुळे काढून त्याच्या हातात कोंबले.

पुढे तिनं शामिसेनवाले काढले, पडदा ओढणारा काढला. शेवटी नायकाचाच निरोप आला: माझं चित्र कधी?

"रांगेत थांबा म्हणावं," ओतोसे म्हणाली.