एका दांड्यावर चाललेला लेथ

खंडेराव गेणू विधाते. जन्म १९४७, मखमलाबाद. मृत्यू २००८, सातपूर. घराणे फुलमळ्याचे. वडील गेणूबाबा झेंडू आणि शेवंतीच्या पाट्या घेऊन पहाटे फुलबाजारात जात. मळा थोरल्या भावाकडे राहिला. खंडेरावांनी आयटीआयमधून टर्नरचे शिक्षण पुरे करून सातपूरच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरी धरली. पुढे ती सोडून त्यांनी औद्योगिक वसाहतीत भाड्याने गाळा घेतला, त्यात स्वतःचा लेथ बसवला आणि दारावर आईच्या नावाची पाटी लावली : ‘अंबूबाई इंजिनिअरिंग वर्क्स’. पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती आणि दर पाडव्याला ती पुन्हा रंगवण्याचा नेम त्यांनी कधी मोडला नाही.

त्या गल्लीतले गाळे एकाला एक लागून होते आणि मधली भिंत जेमतेम एका विटेची. कोणाचा लेथ चालू आहे, कोणाचा बंद, हे शेजाऱ्याला न पाहता कळत असे. नुसता फिरणारा लेथ एका सुरात गुणगुणतो आणि पोलाद कापणारा लेथ खर्जात करवादतो, हा भेद गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होता. पोलादाचा व्यापारी उधारीवर माल देण्यापूर्वी गल्लीतून सावकाश चालत जाई. ज्याच्या गाळ्यातून कापण्याचा आवाज येई, त्याला माल मिळे. आवाज थांबला की पत थांबली, असा तिथला अलिखित कायदा होता आणि खंडेराव कायदा पाळणारे गृहस्थ होते.

२००१ च्या उन्हाळ्यात मोठ्या कारखान्यांनी सुट्या भागांच्या मागण्या आधी निम्म्यावर आणल्या, मग बंदच केल्या. खंडेरावांच्या गाळ्यात बुश आणि पिनांच्या पेट्यांची जी थप्पी लागलेली असे, ती पावसाळ्यापर्यंत नाहीशी झाली. लेथ पतसंस्थेकडे तारण होता. हप्ते तुंबले आणि पतसंस्थेचा निरोप आला : दिवाळीपर्यंत बाकी भरावी, नपेक्षा लेथ उचलून नेण्यात येईल. खंडेराव हे कोणापाशीही बोलले नाहीत. दिवाळीपूर्वी कोठून तरी काम येईल, आणि काम येते ते चालत्या गाळ्यातच, बंद गाळ्यात नव्हे, अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणून त्यांनी एक युक्ती योजली. भंगारात द्यायचा राहिलेला मनगटाएवढा एक पोलादी दांडा त्यांनी चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, आवळला आणि आपला जुना ऑपरेटर बुधा याला सांगितले, की रोज यावरूनच हत्यार फिरवायचे. मात्र कट अगदी बारीक घ्यायचा.

बुधा निफाडकडचा, पन्नाशीचा. तो खंडेरावांकडे पहिल्या दिवसापासून होता. त्याने दांड्याकडे पाहिले, मालकांकडे पाहिले.

“मापं काय ठेवायची मालक?”

“माप नाही. आवाज ठेवायचा.”

बुधाला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. त्याने हत्यार लावले आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा खर्ज काढला. सकाळ-संध्याकाळ तो दांडा फिरू लागला, कीस गळू लागला. गणपती आले, गेले. दांडा बारीक होत चालला.

“मालक, लाटण्याएवढा राहिला,” बुधा एकदा म्हणाला. “वहिनींना नेऊन द्या, पोळ्या तरी व्हतील.”

“तू कट कमी घे.”

“आजून कमी घेतला तर हत्यार नुसतं कुरवाळत बसंल त्याला. लय लाड झाले दांड्याचे.”

खंडेराव हसले नाहीत. दुसरा दांडा विकत आणण्याची सोय नव्हती आणि भंगार तर कधीच विकून झाले होते. बुधाचा पगारही थकत चालला होता. त्याविषयी बुधा काही विचारत नव्हता, आणि तेच त्यांना अधिक बोचत होते.

घरी पत्नी सुलाबाई. तिने एका रात्री जेवण वाढता वाढता सहज म्हटल्यासारखे म्हटले, “अहो, तुमच्या सदऱ्याच्या खिशात पूर्वी लोखंडाचा कीस निघायचा. धुताना बोटं कापायची माझी.”

“मग बरंच झालं की.”

“बरं कसलं? हल्ली कीस निघतो तो बुधाभाऊजींच्या कपड्यांतून. त्यांची बायको सांगत होती. तुमच्या हाताला काम नाही म्हणून विचारते. थोरल्या भाऊजींच्या मळ्यात दसऱ्याच्या माळा करायला बाया लागताहेत. मी जाऊ का?”

“विधात्यांच्या घरची बाई मजुरीनं माळा ओवणार?”

“विधात्यांच्या घरच्या बायांनी दुसरं काय केलंय आजवर? सासूबाईंनी जन्मभर माळाच ओवल्या.”

ती गेली. खंडेरावांनी तिला अडवले नाही. अडवण्यासारखे त्यांच्यापाशी काही उरले नव्हते.

खंडेनवमीला वसाहतीत यंत्रे बंद ठेवून त्यांची पूजा करण्याची रीत आहे. त्या दिवशी हत्यारे धुऊन पुसून मांडतात, लेथला झेंडूचा हार घालतात आणि गाळेवाले एकमेकांकडे प्रसादाला जातात. त्या दिवशी गल्लीत एवढी शांतता असते, की नळाचे पाणी ठिबकलेले ऐकू यावे. सुलाबाईने स्वतः ओवलेली माळ लेथला घातली. दांडा बुधाने काढून हत्यारांच्या रांगेत ठेवला होता. तो आता अंगठ्याएवढा उरला होता.

शेजारच्या गाळ्याचे मालक मोतीराम आहेर प्रसाद घेण्यास आले. भारदस्त देह, मोकळा स्वभाव. पेढा तोंडात टाकून म्हणाले, “खंडूशेठ, नशीबवान आहात. सगळी गल्ली माशा मारतेय आणि तुमचा लेथ दिवसभर पोलाद खातोय. भिंतीला कान लावायचीसुद्धा गरज पडत नाही.”

खंडेरावांनी पेढ्यांचे ताट पुन्हा पुढे केले.

“परवा पंपाच्या कपलिंगचं मोठं काम आलं सिन्नरहून. माझ्या एकट्याच्यानं उरकेना. पहिलं नाव तुमचंच आलं डोक्यात. पण म्हटलं, तुम्ही आधीच कामात बुडालेले. नाही म्हणायला तुम्हाला अवघड जाईल. म्हणून निम्मं काम अंबडच्या एका गाळ्याला देऊन टाकलं.”

बुधाच्या हातातले ताम्हन तसेच राहिले. खंडेरावांना गेल्या तीन महिन्यांचा आवाज जणू एकदम ऐकू आला. अजूनही गप्प बसता आले असते. नाव राहिले असते, लेथ गेला असता. त्यांनी रांगेतला दांडा उचलला आणि आहेरांच्या हातात दिला.

“मोतीरामशेठ, हेच माझं काम. पावसाळ्यापासून दुसरं नाही.”

आहेरांनी दांडा फिरवून पाहिला. पेढा चघळणे थांबले. “अरे देवा,” ते म्हणाले. “खंडूशेठ, भिंतीवर नुसती एक थाप मारायची होती. पण आता अंबडवाल्याला शब्द दिला. त्यानं माल भरलाय. परत कसा मागू?”

“मागू नका,” खंडेराव म्हणाले. “शब्द शब्दच.”

“मग माझ्याकडे दुसऱ्या पाळीला या. लेथ माझा, हात तुमचा. बुधालाही घेऊन या. सांगताना लाज वाटते हो, तुम्ही मालक माणूस.”

“मला नाही वाटत,” असे खंडेराव म्हणाले खरे. परंतु त्यांचा आवाज फुटला होता, हे बुधाने पुढे अनेकदा सांगितले.

दिवाळीच्या आधी पतसंस्थेची माणसे आली आणि त्यांनी लेथ टेम्पोत चढवला. सुलाबाई दारात उभी होती. खंडेरावांनी पाटी उतरवली, पुसली आणि घरी नेली. बुधाने दांडा मागितला. “मालक, येवढा मला द्या. आठवण.” “घरी नेतो, धार मोडतो, मग देतो,” असे खंडेरावांनी सांगितले. धार असलेली वस्तू कोणाच्या हाती द्यायची नाही, हा त्यांचा दंडकच होता.

पुढची सहा वर्षे त्यांनी आहेरांच्या गाळ्यात दुसरी पाळी केली. मंदी सरली, गल्ली पुन्हा करवादू लागली, तरी त्यांनी नवा गाळा घेतला नाही. लेथच्या लिलावानंतरही कर्जाची जी बाकी उरली होती, ती २००५ मध्ये फिटली. बुधाच्या थकलेल्या पगाराचाही बहुतेक भाग त्यांनी फेडला. शेवटचा हप्ता राहून गेला. २००८ च्या पावसाळ्यात ते गेले.

तेरावे झाल्यावर त्यांची मुलगी योगिनी त्या हप्त्याचे पाकीट घेऊन बुधाकडे गेली. त्याने ते कपाळाला लावून ठेवून घेतले आणि विचारले, “दांडा कुठंय, ताई?”

योगिनीने घरी येऊन माळा धुंडाळला. पाटी होती, कापडात बांधलेली. दांडा मात्र आवराआवरीत भंगारवाल्याकडे गेला होता. तेवढे देणे राहिले.