आत्याचा सहावा आकडा

आत्याला सहा आकडे सांगायला पंधरा मिनिटं लागत, आणि ओटीपी पंधरा मिनिटांत मरतो. त्यामुळे आखातात राहून शहापुरात इन्कम टॅक्सचं रिटर्न भरणारे आम्ही लोक दर जुलैत एकेका रिटर्नमागे तीन-तीन ओटीपी खर्ची घालत असू. दिल्लीत कुणीतरी अधिकारी डोक्याला हात लावून बसत असेल, की डोळखांबच्या बाजूला एवढे ओटीपी पितं कोण?

पितं कोण ते सांगतो. माझी आत्या मुरबाडची लेक, शहापूर तालुक्यात डोळखांबपलीकडच्या पाड्यावर दिलेली. तिचा आवाज असा, की तिने माळावरून गुरांना हाक मारली तर तानसाच्या तलावाचा तळ ढवळून निघायचा आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला गढूळ पाणी यायचं. मुंबईकर उगाच पालिकेला शिव्या द्यायचे.

आम्ही मस्कत, दोहा, दुबईला. इथल्या बँकेत ठेवलेल्या पैशांवर कर कापला जायचा आणि तो परत मिळवायला रिटर्न भरावं लागायचं. भरून झालं की ते आपणच भरलं हे सरकारला पटवायला आधारच्या नंबरावर ओटीपी यायचा. तो नंबर इथला. आणि मागे ठेवलेलं सिम म्हणजे म्हैस. कुणीतरी चारापाणी केलं नाही तर आटते. आत्याने पंचक्रोशीतली अशी सगळी सिमं पाळायला घेतली होती. माझ्या घरी माझ्यामागे दाराला कुलूप लावायलाही कुणी उरलं नव्हतं, म्हणून माझंही सिम तिने मुरबाडला येऊन स्वतः नेलं. "कुलपाला काय कलतंय ओटीपी?" म्हणाली.

सिमं ती कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवी. आत्याला अक्षर येत नव्हतं, आकडे मात्र भाताच्या वजनकाट्यावर शिकलेली. मग कुणाचं सिम कुठलं ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या पुडीत तिने एकेक दाणा टाकला होता. कुणाचा वाल, कुणाची तूर. माझी नाचणी, कारण लहानपणी मी तसाच होतो, काळा आणि बारीक. आणि भाताचा दाणा होता तिच्या पोटच्या पोराचा, मधूचा.

शहापूरला आमचे वकीलसाहेब होते. कोर्ट त्यांनी एस.टी.तून जाताना पाहिलं असेल तेवढंच, पण कर भरून देणाऱ्याला आमच्याकडे वकीलच म्हणतात. त्यांचा नियम एकच: ओटीपी मालकाच्याच तोंडून घेणार, मधल्या माणसाकडून नाही. पाड्यावर रेंज नाही. म्हणून ठरल्या दिवशी आत्या भाताची आवणी अर्धी टाकून, इरलं घेऊन माळावर जायची. वकीलसाहेब शहापुरात बटण दाबायचे, ओटीपी माळावर उतरायचा आणि आम्ही परदेशातून स्वतःच्याच नंबराला फोन लावून तो मागायचा.

"चार," आत्या म्हणायची. "पाऊस हाय काय रे तिकडं?"

"मस्कतला पाऊस नाही, आत्या. पुढचा सांग."

"मंग भात कसा पिकतो?"

"पिकतच नाही."

"अरे देवा. खातोस काय मंग? सात. लगीन कवा करतोस?"

लग्नापर्यंत पोचलो की ओटीपी मेलेला असायचा. तिकडे वकीलसाहेब नवीन मागवायचे, इकडे आत्या नवीन विषय काढायची.

मधूचं तसं नव्हतं. त्या माळावर एका फार्महाऊसवाल्याचा डोळा होता, आणि मधूला माळ विकायचा होता. माळ आत्याच्या नावावर, आणि आत्या अंगठा देईना. "मी मेल्यावर इक," म्हणाली. मधू दोह्याला गेला तो आईशी बोलणं टाकूनच. पण वकिलाच्या नियमापुढे त्याचं काही चालेना. वर्षातून एकदा, ओटीपीपुरता, त्याला आईला फोन करावाच लागे. आणि आकडे यायचे ते त्याच माळावर. विकला असता तर रेंजही विकली गेली असती.

"आकडे सांग," मधू म्हणायचा. आत्या एकही प्रश्न न विचारता सहाच्या सहा आकडे सांगून मोकळी. फोन बंद. दोन मिनिटांनी फोन परत वाजायचा, कारण सहावा आकडा चुकलेला असायचा. नव्या ओटीपीचाही सहावा चुकायचा. आमच्या एवढ्या सिमांत जिचा एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही, तिची नजर नेमकी भाताच्या दाण्यापाशी अधू व्हायची. मधूचे सगळ्यात जास्त, पाच-सहा फोन व्हायचे. आत्या त्या दिवशी माळावरून उतरायची ती पाटलीण होऊन.

पण पोरगा शेवटी तिचाच, तडकायचाच. गेल्या जुलैत तो वकीलसाहेबांना म्हणाला, "म्हातारीला दिसत नाय आता. नंबरच बदलून टाका." वकीलसाहेब म्हणाले, आधारवरचा नंबर बदलायचा तर स्वतः यावं लागेल, अंगठा लागतो. हे ऐकून आत्या दोन दिवस जेवली नाही. स्वतःच्या हुशारीने वर्षाचा एक फोन घालवून बसली होती.

मधू आला माघात, चार दिवसांची रजा काढून. मीही तेव्हा मस्कत कायमचं सोडून परतलो होतो. तो रोज शहापूरच्या आधार केंद्रावर जायचा आणि रोज सर्व्हर डाऊन. चाराचे आठ दिवस झाले. मला शंका आली म्हणून मी केंद्रवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "तुमची आत्या आधीच येऊन गेली. वालाच्या शेंगांचं गाठोडं ठेवलं टेबलावर आणि म्हणाली, माझा पोर येल, त्याला सांग मशीन बिघडलंय. नाय सांगितलंस तर इथंच बसून ऱ्हाईन. त्या आवाजात म्हणाली हो! माझं खरंच मशीन बंद पडलं असतं."

मी मधूला आडून विचारलं. तो म्हणाला, "पुढच्याचा अंगठा घेतात, मागच्याचा घेतात. माझ्याच वक्ताला सर्व्हर जातो."

"मग भांडला नाहीस?"

"कशाला? घरी वालाचं बिरडं होतं."

जायच्या दिवशी त्याने सिम स्वतः पुडीत घातलं, दाण्यासकट, आणि करंड्यात ठेवलं. माळाचा विषय दोघांनीही काढला नाही. आत्या फक्त म्हणाली, "जुलैत कर फोन."

"करीन. नीट बघून सांग."

"बगीन," आत्या म्हणाली. तिचा चेहरा अगदी सरळ होता.

जुलै तिला मिळाला नाही. ज्येष्ठात, पेरण्या आटोपल्यावर, दुपारी पडली ती उठली नाही. मधू आला, दिवस घालून गेला. मरेपर्यंत थांबायला सांगितलेला माळ आता त्याचाच होता. फार्महाऊसवाला तेराव्यालाच दारात आला. मधू त्याला म्हणाला, "रेंज जाईल."

यंदा करंडा घेऊन मीच माळावर गेलो. नाचणी झाली, तूर झाली, वाल झाला. सगळे एकेका ओटीपीत. आता वकीलसाहेबांनाही चुकल्याचुकल्यासारखं वाटत असावं. शेवटी भाताचा दाणा बाजूला करून मधूचं सिम घातलं. ओटीपी आला. फोन वाजला.

"सांग," मधू म्हणाला.

मी सहाही आकडे सांगितले. त्याने फोन ठेवला नाही.

"सहावा परत बग," तो म्हणाला. "चुकला आसंल."

मी पाहिलं. नऊ होता.

"पाच," मी म्हणालो.

"बरं," म्हणून त्याने फोन ठेवला. मी इरलं टेकवून खाली बसलो. दोन मिनिटांत परत वाजला.