रुमालाखालची म्हैस

जालन्याच्या कापूस बाजारात मला भिणारे लोक पुष्कळ होते. त्यांतला एकही आमच्या गल्लीत राहत नव्हता.

हे मला दलाली बंद करून घरी बसल्यावर कळलं. लढाईचे दिवस होते. साखर मापून, रॉकेल मापून, आणि काडेपेटी तर दुकानदार मोत्याची नथ दाखवावी तशी फडक्यातून काढायचा. माझे डोळे अधू झाले, कापसाचा धागा दिसेना. (कापसातली खोड दिसत होती, पण नुसत्या खोडीवर दलाली चालत नाही.) हमालीपासून सुरुवात करून जमवलेली थोडी पुंजी, आणि माझी बायको सरू, एवढाच संसार. मूलबाळ नाही. बसून खायचं तर जपून खायचं.

जपून खाण्याची विद्या जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत चार म्हाताऱ्या घरांनी आधीच साधली होती; आम्ही पाचवे झालो. सकाळी चूल एकट्या गोदाक्का पेटवायच्या आणि बाकीच्यांनी तिथून विस्तव न्यायचा. पाच घरांना काडी एक! अंघोळीचा बंब एक. उर्दू अखबार एक. तो कचेरीतले पेन्शनर चपराशी दादामियाँ मराठीत सांगायचे. (न आवडलेली बातमी गाळायचे. मी भांडलो की दुसऱ्या दिवशी सांगायचे.) कोणी आजारी पडलं की चार घरांतून चार वाट्या यायच्या. इतक्या स्वस्तात इतकं सुख मला बाजारात कधी मिळालं नव्हतं, म्हणून मला त्याचा संशयच यायचा.

शिवाय मला बसवत नव्हतं. चाळीस वर्षं रोज कोणाशी तरी भाव केल्याशिवाय माझ्या घशाखाली पाणी उतरलं नव्हतं. भाजीवाली आली की पाचही घरांच्या वतीनं मी भांडायचो. मेथी स्वस्त झाली. पण दोन महिन्यांत भाजीवाल्या आमची गल्ली टाळून जाऊ लागल्या.

त्यातच गवळ्याचं दूध इतकं पातळ झालं, की सरूनं एकदा त्यात तोंड बघून आपलं कुंकू नीट केलं! गोदाक्कांच्या ओट्यावर बैठक भरली.

"सगळे मिळून म्हैस आणू," गोदाक्का म्हणाल्या. "वैरण वाटून, शेण वाटून, दूध वाटून."

मी धोतर सावरून उभा राहिलो. "कधी निघू?"

"तुम्ही बसा, अण्णा. दादामियाँ जाऊन राह्यलेत."

"दादामियाँ! त्यांनी उभ्या जन्मात साहेबाची खुर्ची उचलली, म्हैस न्हाई!"

"म्हैस बी उचलायची न्हाई, आणायचीय. तुम्ही गेले की तंटा होतो. मागच्या बाजारी तुम्ही माठ आणायला गेल्ते, तर कुंभार रडत घरी गेल्ता."

"पण स्वस्त दिला का न्हाई?"

"दिला ना. गळका!"

सगळी गल्ली हसली. सरूसुद्धा! ज्या माणसाच्या हाताखाली कापसाचे मोठमोठे सौदे पटले, त्याला एका म्हशीसाठी नालायक ठरवलं! हा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

मी ठरवलं, दादामियाँच्या आधी बाजार गाठायचा, निम्म्या भावात म्हैस आणायची, आणि ती या सगळ्यांच्या नाकासमोर बांधायची. बाजाराच्या सकाळी पुंजी कमरेला बांधली. सरूला म्हणालो, "दाढी करून येतो."

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. दलाल आपला रुमाल तुमच्या हातावर टाकतो आणि रुमालाखाली त्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे दहा रुपये, पंजा म्हणजे पन्नास. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. मी कपाळावर पांढरा चांद असलेली एक दुभती म्हैस हेरली आणि दादामियाँनी पाहू नये म्हणून तोंडाला उपरणं गुंडाळून कडब्याच्या गाडीमागं बसलो. दलाल आला. रुमाल पडला. मी एक पंजा आणि वर एक बोट दाबलं.

"शेठ, दुसरं गिऱ्हाईक बी हाय," तो म्हणाला. "तिकडं लिंबामागं. तोंड दाखवत न्हाई."

मी हसलो. दुसरं गिऱ्हाईक! कापूस बाजारात असली गिऱ्हाइकं मी दिवसाला दहा जन्माला घातली होती! पण दलाल खरंच लिंबामागं गेला. झाडाआडून खरंच एक हात बाहेर आला आणि रुमालाखाली शिरला.

"एक बोट चढला, शेठ."

"मी दोन!"

"तो बी दोन चढला."

"समजतो कोण स्वतःला? जल्दी जा, आणखी दोन सांग!"

दलालाच्या खेपा सुरू झाल्या. दुसरा पंजा भरला, तिसरा सुरू झाला. मी उठत होतो, बसत होतो, उपरण्याचं टोक चावत होतो. म्हैस कशासाठी घ्यायची होती हेही विसरलो. त्या हाताला हरवायचं, एवढंच डोक्यात! (म्हैस मात्र रवंथ करत होती. आम्हा चौघांत डोकं ठिकाणावर असलेली तेवढी तीच.)

तिसरा पंजा भरला, तेव्हा दलाल हसत आला. "उठून गेला, शेठ. म्हणला, गाडीमागं शैतान बसलाय."

मला फार बरं वाटलं.

म्हशीच्या गळ्यात झेंडूची माळ घालून मी गल्लीत शिरलो. सगळे ओट्यावर जमलेले. दादामियाँ डोकं धरून बसले होते. म्हैस पाहून ते ताडकन उठले.

"या अल्ला! अण्णा, हीच ती! बिलकुल हीच! दोन पंज्यांच्या आतच जमवत आणलं होतं मी. मधीच कोण बदमाश गाडीमागून बोटं वाढवून राह्यल्ता!"

लिंबामागचा हात दादामियाँचा होता!

"असल्या हरामखोराला बाजारात पाऊल टाकू देऊ नये!" मी ओरडलो. (त्या घोळक्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.) "पण तुम्ही लिंबामागं लपले कशाला?"

"तुम्हीच शिकवलं ना! गिऱ्हाईकानं तोंड दाखवलं की भाव चढतो म्हणून."

सरू माझ्याकडं बघत होती. "अहो, दाढी तर तशीच हाय. अन् उपरण्याला कडबा कसा लागला?"

सगळी गल्ली माझ्या उपरण्याकडं बघू लागली.

"कितीला?" गोदाक्कांनी विचारलं.

"तीन पंजे."

गोदाक्कांनी आपली बोटं मोजली. पुरली नाहीत, म्हणून सरूचा एक हात घेतला.

पुंजीला भलं मोठं भगदाड पडलं होतंच; पण आता विस्तव, बंब, अखबार, आजारपणातल्या त्या चार वाट्या, सगळंच जाणार होतं. या वयात दुसरी अशी गल्ली कुठं शोधायची? मी कसाबसा म्हणालो, "चूक माझी. म्हशीचा सगळा खर्चा माझा. दूध तुम्ही न्या."

"म्हैस पाच घरांची ठरलीय," गोदाक्का म्हणाल्या. "खर्चाचे पाच वाटे पडतील. बराबर पाच."

"आणि शैतान म्हणलो ते माफ करा," दादामियाँ म्हणाले. "पण अण्णा, एवढ्या रागानं बोटं दाबणारा दुसरा असणार तरी कोण? मला बी उमगायला पायजे होतं."

मला ते सोसवेना. "तीन वाटे माझे!"

"एक," गोदाक्का म्हणाल्या.

"बरं, दोन. शेवटचं बोलतो!"

"एक म्हंजे एक. पटत असंल तर बांधा, न्हाईतर म्हैस वापस."

मी माझा ठेवणीतला डाव टाकला. कासरा सोडला, पाठ फिरवली आणि तरातरा चालू लागलो. आता बोलावतील, मग बोलावतील! गल्लीच्या तोंडाशी थांबून कान दिला. मागून फक्त धार काढल्याचा आवाज येत होता. शेवटी आपल्या पायांनी परत आलो आणि एक वाटा मुकाट्यानं कबूल केला.

चाळीस वर्षांत जास्त पैसे द्यायला मी पहिल्यांदाच घासाघीस केली, आणि त्या बाईनं मला एक छदामसुद्धा चढू दिला नाही!